शेजारधर्माची सीमा

३ जून २०२० रोजी कोकणातील माड-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलेल्या चक्रीवादळाचे नाव ‘निसर्ग’. ते सुचविले होते बांगलादेशाने. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातील ‘तौक्ते’चे बारसे म्यानमारने केलेले. नाव ठेवण्याचा हा मान तेरा देशांकडे आळीपाळीने जातो. वादळ सीमा मानीत नाही. मग शेजारधर्माने ती का मानावी, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

१९७० च्या नोव्हेंबरात तत्कालीन पूर्व पाकिस्तानात चक्रीवादळाने किमान तीन लाख माणसे गिळली. त्यानंतर १९७२ मध्ये या सागरी प्रदेशातील राष्ट्रांचे चक्रीवादळविषयक मंडळ स्थापन झाले. आज दिल्लीतील केंद्र सर्व सभासद देशांना वादळाचा मार्ग व वेग आगाऊ कळविते. बांगलादेशाने १९७२ पासूनच गावोगाव स्वयंसेवक उभे केले. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार जीव गेले. पुढे निवारे वाढले, स्वयंसेवक वाढले. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये मृतांचा अधिकृत आकडा साडेतीन हजारांच्या आत राहिला.

म्यानमारची कथा वेगळी. मे २००८ मध्ये ‘नर्गिस’ येण्यापूर्वी दिल्लीचे इशारे तेथे पोहोचले होते. तरीही इरावतीच्या मुखाशी लाखाहून अधिक माणसे दगावली. राजधानीत आलेली हाक झोपडीपर्यंत पुरेशी गेली नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक देशाने आधी आपल्या लेकरांचे पाहावे. परंतु एकट्या देशाला सारा समुद्र दिसत नाही. त्याच्या लेकरांचे रक्षणही शेजाऱ्याच्या नोंदींवाचून अपुरेच राहते. अर्थात, केवळ परतफेडीच्या आशेने दिलेला इशारा हा व्यवहार झाला. मालदीवसारखा चिमुकला देश मोठ्या शेजाऱ्याला तेवढेच परत देऊ शकत नाही, म्हणून त्याचा हक्क उणा होत नाही. देण्याघेण्याचा हिशेब जेथे संपतो, तेथेच शेजारधर्म सुरू होतो.

आणि हाक देणाऱ्याइतकीच जबाबदारी ऐकणाऱ्याचीही आहे. पुढचे वादळ येईल, तेव्हा दिल्लीची सूचना आपल्या गावापर्यंत पोहोचेल. गावाच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीचे दार मात्र आपल्यापैकीच कोणाला तरी ठोठवावे लागेल. ते दार ठोठावले गेले नाही, तर तेरा देशांचा सारा खटाटोप तिच्या उंबरठ्याबाहेरच थांबेल.