अनुपलब्धी आणि वायफाय
घरच्या संगणकावर वायफायची खूण पूर्ण दिसत असूनही पान उघडत नाही, तेव्हा प्रश्न अभावाच्या ज्ञानाचा असतो. तत्त्वज्ञ कुमारिल भट्टांच्या मीमांसा दर्शनाने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. मात्र वस्तू असती तर आढळलीच असती, अशी योग्यता त्यासाठी लागते. राउटरला पाठवलेल्या ‘पिंग’ला, म्हणजे उत्तर मागणाऱ्या छोट्या संदेशाला, प्रतिसाद आला नाही एवढ्यावरून जोडणी तुटली असे ठरत नाही, कारण काही उपकरणे असे संदेश मुद्दाम अनुत्तरित ठेवतात. याउलट संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही हे अनुमान बरेच भक्कम, कारण सहसा तसे झाल्यावरच संगणक हा पत्ता स्वतःच घेतो. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, दिसू शकणाऱ्या वस्तूचा अभावही प्रत्यक्षानेच कळतो म्हणतात. पण वायफायच्या लहरी डोळ्यांना दिसतच नसल्याने इथे त्यांचे प्रत्यक्ष जरा लंगडे पडते.