ध्रुव हलतो तेव्हा

सप्तपदी झाली की गुरुजी वधूवरांना उत्तरेकडे बोट करून सांगतात, हा ध्रुव, ही अरुंधती. हल्ली बरीच लग्नं दिवसाउजेडी लागतात. बोटाच्या टोकाला तारा नसतोच. दोघं निळ्या आकाशाकडे बघून मान डोलावतात आणि पुढचा विधी सुरू होतो. गृह्यसूत्रांतलं हे दर्शन मात्र रात्रीचं आहे. दिवस मावळावा, तारे उमटावेत आणि मग वराने वधूला ध्रुव दाखवावा. संसारात त्याच्यासारखं अढळ राहायचं, हा त्यामागचा भाव.

हाच तारा आज वेगळ्याच माणसांना भेटतो आहे. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्याचा छंद लागलेला नवखा माणूस सहसा पहिल्या काही रात्रींतच कॅमेरा ध्रुवाकडे वळवतो, कारण तारकारेषांचा फोटो साध्या सामानावर जमतो. हाताने सेटिंग बदलता येणारा कोणताही कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली साधी लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि जास्तीची बॅटरी एवढं पुरे. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी आणि शहराचा उजेड मागे टाकावा. नागपूरकरांना त्यासाठी पेंच जवळ आहे. २०२४ साली हा व्याघ्रप्रकल्प भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांचं तोंड जमिनीकडे वळवण्यात आलं. इतरांना सह्याद्रीतला एखादा गड किंवा कोकणातला निर्जन सडा चालतो.

ध्रुव सापडणं ही पहिली परीक्षा. तो आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, असा अनेकांचा समज असतो, पण त्याच्याहून ठळक तारे चाळीसच्या वर आहेत. सप्तर्षींच्या पतंगातले पुढचे दोन तारे म्हणजे पुलह आणि क्रतू. पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढावी आणि तशीच पाचपट पुढे न्यावी, की ध्रुव येतो. त्याची क्षितिजापासूनची उंची साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. पणजीत साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. हात लांब करून मूठ धरली तर ती जवळपास दहा अंश झाकते, म्हणजे पुण्याचा ध्रुव क्षितिजावर दोन मुठीही भरत नाही. समोर डोंगर असला की तो त्याच्याआड जातो.

मग काम संयमाचं. ऑटोफोकस बंद करायचा, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत लेन्सची कडी हलक्या हाताने फिरवायची. आयएसओ १६०० च्या आसपास, ॲपर्चर पूर्ण उघडं, प्रत्येक फोटो तीस सेकंदांचा, दोन फोटोंमध्ये सेकंदभराची उसंत. असे एकशेपंधराच्या आसपास फोटो तासाभरात जमतात. लेन्सवर दव धरतंय का, हे अधूनमधून बघत राहायचं. घरी येऊन एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचले की तारे पुसले जातात आणि रेषा उरतात. एका केंद्राभोवतीचे शेकडो कंस.

हे चित्र पुराणांनी फार पूर्वी रंगवलं आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात ज्योतिर्गण ध्रुवाभोवती कसे फिरतात हे सांगताना खळ्यातल्या मेढीची उपमा येते. मळणीच्या वेळी मधोमध तिवडा रोवलेला असतो, त्याला बैलांची पात जुंपलेली. आतला बैल लहान फेरा घालतो, बाहेरचा मोठा. तारकारेषांचा फोटो आणि ज्वारीचं खळं शेजारी ठेवलं तर शेतकऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि मग तो नवखा माणूस फोटोचा मधला भाग मोठा करून बघतो. तिथे ध्रुवाचा स्थिर ठिपका असायला हवा. असते ती एक छोटीशी, किंचित वाकलेली रेघ. तिवडाच हललेला असतो.

कॅमेऱ्याची यात चूक नाही. ध्रुवतारा आकाशाच्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे. तोही रोज एक वर्तुळ घालतो, पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या सुमारे अडीचपट रुंद. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक संथ घेर घेतो, त्यामुळे ध्रुवाचं हे पददेखील कायमचं नाही. दोन हजार वर्षांपूर्वी हाच तारा त्या बिंदूपासून दहा अंशांहून लांब होता. इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमारास कालेय तारकासमूहातला ठुबान हा तारा बिंदूच्या अगदी जवळ होता. विवाहातल्या ध्रुवदर्शनाचा उगम त्या काळातला असावा, असा तर्क जर्मन संस्कृततज्ज्ञ हेर्मान याकोबी यांनी १८९० च्या दशकात मांडला, आणि त्यावर पंडितांत वाद झाले. आजच्या ध्रुवाचं तेजही एकसारखं नाही. सुमारे चार दिवसांच्या आवर्तनात ते किंचित कमीजास्त होतं.

इथे प्रश्न उभा राहतो आणि तो खरा प्रश्न आहे. ज्याला साक्षी ठेवून अढळपणाचा संकल्प सोडला, तोच अढळ नसेल तर त्या संकल्पाचं काय?

दोन सोपी उत्तरं लगेच पुढे येतात. एक म्हणतं, विधी निरर्थक ठरला. दुसरं म्हणतं, ऋषींना हे सगळं आधीच ठाऊक होतं. पहिल्यात विधीकडे बघण्याचा धीर नाही, दुसऱ्यात फोटोकडे. परंपरेत याहून कसदार विचार आहे आणि तो याच विधीच्या दुसऱ्या ताऱ्यातून निघाला आहे.

अरुंधती अंधुक आहे, एकदम दाखवता येत नाही. म्हणून दाखवणारा आधी तिच्याजवळच्या ठळक ताऱ्याकडे बोट करतो आणि ‘ही अरुंधती’ असं म्हणतो. नजर तिथे ठरली की ते विधान मागे घेतो आणि शेजारची खरी अरुंधती दाखवतो. हाच स्थूलारुंधती न्याय. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी हा दाखला घेतला आहे. पहिला तारा दाखवणं ही फसवणूक नव्हे. त्याच्यावाचून दुसरा दिसलाच नसता. पण त्याच्यावरच थांबलं तर अरुंधती राहून जाते.

ध्रुवालाही हाच न्याय लावता येतो. तारा ही पहिली पायरी. फोटोतली ती वाकडी रेघ त्या पायरीवरून पुढे ढकलते, कारण सगळ्या कंसांचं केंद्र बघायला गेलं तर तिथे डोळ्याला दिसेल असा ताराच नाही. आणखी पुढे गेलं तर आर्यभट भेटतो. इसवी सन ४९९ च्या आर्यभटीयात तो नावेतल्या माणसाचा दृष्टान्त देतो: नाव पुढे जाते आणि काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे तासभर हलत होता तो ट्रायपॉड, खालचा खडक, आणि शेजारी कानटोपी ओढून बसलेला माणूस.

पुराणातला ध्रुव तरी कुठे जन्मतः अढळ होता? बापाच्या मांडीवरून सावत्र आईने झिडकारलेलं, रागाने घर सोडून निघालेलं ते पोर. भागवतात तर ध्रुवपदाचा वर मिळाल्यानंतरही त्याचा तोल जातो. भाऊ उत्तम मारला गेला म्हणून तो यक्षांचा संहार मांडतो, आणि आजोबा मनू येऊन त्याला आवरतात. कथा हे लपवत नाही. ढळणं आणि पुन्हा जागेवर येणं हे दोन्ही तिने ध्रुवाच्या चरित्रातच ठेवलं आहे. वधूवरांना दाखवलेला तारा या ध्रुवाच्या नावाचा आहे, हे लक्षात घेतलं तर फोटोतली रेघ संकल्पाला खोटं पाडत नाही. उलट तो संकल्प माणसाच्या आवाक्यातला वाटू लागतो.

मात्र त्यासाठी तारा खरोखर बघावा लागतो. दिवसा बोट दाखवून उरकलेल्या विधीत पहिली पायरीच गळते. आकाशाचे फोटो काढणारा माणूस, देवाधर्माचं त्याच्या मनात काही असो वा नसो, तासभर उत्तरेकडे तोंड करून थांबतो. दर्शन या शब्दाला लागणारी सवड तो देतो.

छायाचित्रणाच्या इतिहासातही अरुंधती आणि तिच्याजवळचा ठळक वसिष्ठ ही जोडी लवकर आली. १८५७ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत जॉर्ज बाँड यांनी जॉन व्हिपल यांच्या साथीने काचेच्या पट्टीवर ज्या जोडताऱ्याचा पहिला फोटो घेतला, तो वसिष्ठ होता. त्याच प्रयोगांत अरुंधतीही टिपली गेली. आज त्यासाठी वेधशाळा लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये रात्री जेवणं आटोपून गच्चीवर यावं, २०० मिलिमीटरची लेन्स सप्तर्षींच्या शेपटीतल्या मधल्या ताऱ्यावर रोखावी आणि एक-दोन सेकंदांचा फोटो घ्यावा. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी वर येतं, छोट्या स्क्रीनवर वाकतं, आणि फोटो काढणारा ठळक ठिपक्यावर बोट ठेवून सांगतो, “हा वसिष्ठ. दिसला? आता त्याच्या शेजारी बघ.”