समाजवाद, फॅसिझम आणि खानदेशातली हौशी लेखणी

समाजवाद आणि फॅसिझम यांवरचा खानदेशातला वाद विद्यापीठांत किंवा मोठ्या दैनिकांच्या कचेऱ्यांत वाढला नाही. तो वाढवला शिक्षकांनी, वकिलांनी, वसतिगृहातल्या मुलांनी, सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांनी. यांच्यापैकी बहुतेकांचे पोट लेखनावर चालत नव्हते. हस्तलिखित अंक, चार पानांची साप्ताहिके, पुस्तिका हे त्यांचे साधन. त्यामुळे या वादात सिद्धान्ताचा काटेकोरपणा कमी आढळतो. पण एखादा सिद्धान्त मान्य केला तर गिरणीतल्या कामगाराचे आणि शेतातल्या सालदाराचे काय होईल, हा प्रश्न त्यात सतत डोके वर काढतो, आणि या वादाचे खरे मोल तिथेच आहे.

त्याची पहिली पायरी अमळनेरला दिसते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या पैशातून या गावात कापडगिरणी उभी राहिली आणि त्यांच्याच देणग्यांमधून तत्त्वज्ञान मंदिर व शाळाही वाढल्या. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आले आणि 1924 मध्ये प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. सारा मजकूर एकटाकी, स्वतःच्या हातचा. वर्गात जे सांगता येत नसे ते त्यात येई: थोरांची चरित्रे, देशोदेशीच्या घडामोडी, मुलांच्या वागण्यातल्या चुकांविषयीचे चार मायेचे शब्द. समाजवाद हा शब्द त्यात ठळक नव्हता. मात्र जगातल्या दूरच्या घटनेचा आपल्या खोलीतल्या वागण्याशी संबंध जोडण्याची सवय तिथे लागली, आणि पुढच्या राजकीय लेखनाचा तोच पाया ठरला.

1930 मध्ये नोकरी सुटली आणि तुरुंग सुरू झाला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्याच सुमारास त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, ना. ग. गोरे ही तरुण मंडळी मार्क्स वाचत होती आणि काँग्रेसअंतर्गत समाजवादी पक्षाची जुळवाजुळव करत होती. 1934 मध्ये तो पक्ष उभा राहिला. आईच्या शिकवणुकीतून येणारी समता आणि वर्गसंघर्षातून येणारी समता अशा दोन वाटा एकाच आवारात आखल्या जात होत्या. खानदेशी समाजवादाने यातली एकही वाट पुरती सोडली नाही. टीकाकारांना त्यात भाबडेपणा दिसला, पण त्याची ताकदही तीच होती.

1936 हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षीचे मराठी साहित्य संमेलन माधव ज्यूलियन यांच्या अध्यक्षतेखाली जळगावला भरले. डिसेंबरअखेर यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले, खेड्यात भरलेले पहिलेच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी स्पेनमधल्या यादवीचा आणि युरोपातल्या फॅसिझमचा धोका त्या व्यासपीठावरून मांडला. सहा वर्षांची शिक्षा भोगून नुकतेच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय हजर होते. मनमाडहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी चालत तिथे आला. काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रमही तिथेच स्वीकारला. माद्रिद आणि कपाशीचा भाव हे दोन विषय एकाच मांडवात बोलले गेले, आणि फॅसिझम ही वर्तमानपत्रातली परदेशी बातमी राहिली नाही.

तरीही फॅसिझमचा अर्थ अजून ढोबळ होता: हिटलर आणि मुसोलिनी करतात ते. समाजवाद मात्र झपाट्याने ठोस होत गेला. 1938 मध्ये साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. बहुतेक मजकूर तेच लिहीत. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला शेतसारा माफ व्हावा, गिरणी कामगाराला न्याय्य मजुरी मिळावी, हिंदू-मुसलमानांनी एकमेकांचा द्वेष करू नये, हे त्याचे विषय. ज्या गावच्या गिरणीमालकाच्या दानातून त्यांची शाळा उभी होती, त्याच गावच्या कामगारांच्या बाजूने ते उभे राहिले. या काळात त्यांनी कम्युनिस्टांबरोबरही काम केले आणि रशियाबद्दल आदराने लिहिले.

महाराष्ट्रातल्या साहित्यिकांत तेव्हा ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा फडके-खांडेकर वाद रंगात होता. लालजी पेंडसे यांच्या ‘साहित्य आणि समाजजीवन’ या 1935 च्या पुस्तकाने त्यात मार्क्सवादी बाजू आणली होती. 1938 च्या मुंबई संमेलनात अध्यक्ष सावरकरांनी साहित्यिकांना लेखण्या टाकून बंदुका उचलायला सांगितले. साने गुरुजींनी टॉल्स्टॉयचे कलाविषयक पुस्तक मराठीत आणले आणि जी कला कष्टकऱ्यापर्यंत पोहोचत नाही तिच्यावर प्रश्न उभा केला. लेखकाने राजकारणात पडावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटलेलाच होता. पडायचे ते कोणाच्या बाजूने, एवढेच उरले होते.

दुसऱ्या महायुद्धाने हीच बाजू निवडणे अवघड केले. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी रॉय यांच्याबरोबर गेले. रॉयवाद्यांचा युक्तिवाद सरळ होता: फॅसिझम जिंकला तर गुलाम देशांच्या स्वातंत्र्याला भविष्यच उरणार नाही, म्हणून युद्धाला पाठिंबा द्यावा. समाजवाद्यांचे उत्तर असे की, जो देश स्वतः बेडीत आहे त्याने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी लढावे हे म्हणणे पोकळ आहे. कम्युनिस्टांनी 1939 मध्ये युद्धाला साम्राज्यवादी ठरवले आणि जून 1941 मध्ये हिटलर रशियात घुसल्यावर त्याला लोकयुद्ध म्हटले. युद्धविरोधी प्रचारासाठी 1940 मध्ये मधु लिमये हा अठरा वर्षांचा तरुण धुळ्याच्या तुरुंगात आला. साने गुरुजीही त्याच काळात युद्धविरोधी भाषणासाठी शिक्षा भोगत होते.

तर्काच्या कसोटीवर रॉयवाद्यांची भूमिका दुबळी नव्हती. हिटलर कोण आहे, हे त्यांनी इतर अनेकांपेक्षा लवकर आणि स्पष्ट ओळखले होते. पण 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला तिरंगा घेऊन निघालेल्या शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांवर गोळीबार झाला. शाळकरी मुले पोलिसांच्या गोळीने मेल्यावर, इंग्रज सरकार लोकशाहीच्या बाजूने लढते आहे हे खानदेशात कोणाला पटवणार? साने गुरुजी भूमिगत झाले आणि कम्युनिस्टांशी त्यांची फारकत कायमची झाली. 14 एप्रिल 1944 रोजी चिमठाण्याजवळ भूमिगतांनी सरकारी खजिना लुटला.

फॅसिझमचा अर्थ खऱ्या अर्थाने बदलला तो 30 जानेवारी 1948 ला. गांधीजींचा खुनी मराठी होता, वर्तमानपत्र चालवणारा होता. साने गुरुजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. हा उपवास सरकारविरुद्ध किंवा एखाद्या संघटनेविरुद्ध नव्हता. द्वेष पसरत असताना आपण सारे गप्प राहिलो, या भावनेतून तो होता. धोका जर्मनीतून येतो ही समजूत इथे संपली आणि तो आपल्याच आळीत, आपल्याच भाषेत तयार होतो हा विचार पुढे आला. त्याच वर्षी समाजवादी काँग्रेसमधून बाहेर पडले आणि 15 ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक निघाले. या साऱ्या वादातला सर्वांत मोलाचा विचार हाच. तो ग्रंथातून आलेला नव्हता, एका शिक्षकाला आपल्या समाजाची लाज वाटली त्यातून आला. 11 जून 1950 रोजी साने गुरुजींनी जीवन संपवले. त्यानंतर हा विचार पुढे नेणारा तेवढ्या तळमळीचा लेखक खानदेशाला बराच काळ मिळाला नाही.

पुढच्या पंचवीस वर्षांत समाजवाद आणि फॅसिझम हे दोन्ही शब्द गुळगुळीत झाले. आणीबाणीत तर एकमेकांवर फेकायचे दगड बनले. सरकार आणि भारतीय कम्युनिस्ट पक्ष जयप्रकाशांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत, आंदोलक आणीबाणीला. 1976 च्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला, तोही विरोधक तुरुंगात असताना. तिथे समाजवादी आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते एकत्र राहिले आणि 1977 मध्ये जनता पक्षात एकत्र आले. एकाच माणसाने जनता पक्षात आणि संघात राहावे का, हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न मधु लिमये यांनी लावून धरला आणि 1979 मध्ये पक्ष त्यावर फुटला. कोणी लिमये यांना पक्षफोडे म्हणाले. पण 1948 नंतर बाजूला पडलेला प्रश्नच त्यांनी पुन्हा पुढ्यात ठेवला होता.

धुळ्यात या प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले जात होते. कापडण्याचे शरद पाटील मुळात चित्रकलेचे विद्यार्थी. शिक्षण सोडून ते कम्युनिस्ट चळवळीत आले आणि आदिवासी व शेतमजुरांत काम करत राहिले. जातीच्या प्रश्नावर 1978 मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांची एकत्र मांडणी हा त्यांचा ध्यास. ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’साठी त्यांनी संस्कृत आणि पाली ग्रंथ उपसले. जात न मोडता समाजवाद येणार नाही आणि वर्णजातीच्या उतरंडीला हात न लावता हुकूमशाही वृत्तीही जाणार नाही, असे त्यांच्या मांडणीतून निघते. साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपवास केला होता. पाटलांना असे हृदयपरिवर्तन पुरेसे वाटणे शक्यच नव्हते. ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात त्यांनी साहित्याची कसोटीच बदलायला घेतली: सुंदर कशाला म्हणायचे, हे कोणत्या जातीने ठरवले? 2014 मध्ये ते गेले. त्यांची भाषा अवघड आहे आणि वाचकवर्ग लहान राहिला. तरी 1930 च्या दशकातल्या कला-जीवन वादाला खानदेशातून मिळालेले हे सर्वांत कसदार उत्तर आहे.

साहित्य कोणाच्या बाजूचे, हा जुना वाद पुढे साने गुरुजींच्या अमळनेरलाच पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झाले, अध्यक्ष वासुदेव मुलाटे. विद्रोहीची परंपरा 1999 मध्ये धारावीतून, बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली. पहिल्याला सरकारी अनुदान होते. दुसऱ्याचे कार्यकर्ते दारोदार एक मूठ धान्य आणि एक रुपया मागत फिरले. सत्तेच्या पैशावर उभा असलेला लेखक सत्तेला हटकू शकतो का, हा त्यांचा सवाल होता.