बहिणीचे हक्कसोडपत्र दान ठरते काय?



वडील वारले की आपल्या वस्त्यांतही एक रीत चालते. भाऊ बहिणीला बोलावतो, साडीचोळी करतो आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतो. विचारले तर म्हणतो, "तिनं राजीखुशीनं दिलं." दानाला पारमिता मानणारे आपण, तेव्हा विचारले पाहिजे, हे दान आहे काय?

ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याच्याच 'हो'ला दान म्हणावे. नाही म्हटले तर माहेर तुटेल, उद्या नवऱ्याने टाकले तर जायला दार उरणार नाही, या भयाने उठवलेला अंगठा राजीखुशीचा नव्हे. आपल्यापैकी कित्येकांकडे एकरभर गायरान नाहीतर दोन खणांचे घर, एवढेच असते हे खरे. पण 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बाया कडेवर लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या होत्या, हेही खरेच आहे.

हे भय एकटीने जिंकता येत नाही. महाप्रजापती गौतमीला कपिलवस्तूत नकार मिळाला. ती शाक्य स्त्रियांना घेऊन अनवाणी वैशालीपर्यंत चालत गेली, आनंदाने तिची बाजू मांडली, तेव्हा भिक्खुणीसंघ झाला. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. बाबासाहेब तिथे होते. हजारो बाया जमल्या आणि त्यांनी ठराव केले: काडीमोडीचा हक्क हवा, एका पुरुषाच्या अनेक बायका बंद व्हाव्यात, गिरणीतल्या व विडीच्या कामातल्या बायांना पगारी रजा मिळावी, मुलींना वसतिगृहे हवीत. शिकल्या-सवरलेल्या थोड्याच, बाकी कष्टकरी बाया होत्या. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. नागपूरच्या ठरावातल्या पहिल्या दोन गोष्टी 1955 च्या विवाह कायद्यात आल्या. तो कायदा आणि 1956 चा वारसा कायदा, नावात हिंदू असले तरी, बौद्धांनाही लागू आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात 1994 साली आला, देशभर 2005 साली.

पण कचेरीत बहिणीशेजारी कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे बायाच लागतात.

आपल्या बहुतेक विहारांत महिला मंडळ असते. वर्षावासात ग्रंथवाचनाला पुरुषांपेक्षा त्याच जास्त बसतात. उणीव एवढीच की या वस्तीचे मंडळ त्या वस्तीच्या मंडळाला ओळखत नाही. मुलगी कंधारची, दिली मुखेडला. वाटा माहेरी, संसार सासरी. माहेरच्या मंडळाला सातबारा कुणाच्या नावावर चढतो आहे ते ठाऊक असते. सासरच्या मंडळाला तिची अडचण ठाऊक असते. दोन्हींचा एकमेकींशी निरोप नसेल तर मधल्या मधे बाई एकटी पडते. कंधार, लोहा, मुखेडच्या मंडळांनी पौर्णिमेला आळीपाळीने एकमेकींच्या विहारात जाण्याचे ठरवले, तर खर्च एसटीच्या तिकिटाएवढाच येईल.

घर फुटेल, अशी ओरड होईल. बहीण बोलली की फुटते आणि गप्प राहिली की टिकते, असे घर कुणाच्या जिवावर उभे आहे?

भावांनो, पुढच्या वेळी सहीसाठी बहिणीला बोलवाल आणि तिच्यासोबत मंडळाच्या दोघी-तिघी उतरतील, तेव्हा त्यांनाही चहा ठेवाल ना?