कुणाच्याही उपयोगी न पडणारा अर्धा तास

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी छापील अंक ठेवण्याची मराठी रीत पडली. या रीतीत एक गंमत पहिल्यापासून आहे. अंक बाजारात येतात ते नेमके घरातल्या बाईला श्वास घ्यायला फुरसत नसते त्या आठवड्यात. भाजणी दळून आणायची, अनारशाचं पीठ मुरत घालायचं, माळे उतरवून पुसायचे, चकलीचं तेल नीट तापलंय का ते पाहायचं. नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांत आधी ती उठते आणि तिचं स्वतःचं अभ्यंगस्नान सगळ्यांत शेवटी उरकतं. नागरमोथा, आंबेहळद, कपूरकचरी, वाळा घातलेलं ते सुगंधी उटणं ती सगळ्यांना लावते; तिच्या वाट्याला वाटीच्या तळाशी राहिलेलं येतं. आणि वर्षभर याच बाईसाठी प्रत्येक नियतकालिकात एक पान राखीव असतं. त्वचा कशी राखावी, पोट कसं कमी करावं, पौष्टिक काय खावं, आणि शेवटी वेळ मिळालाच तर चाळायला काहीतरी हलकंफुलकं.

या पानाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे रूढ आहेत. विद्वानांनी त्याला नाक मुरडायचं आणि संपादकांनी ते न वाचताच छापायला सोडायचं. मला दोन्ही चुकीच्या वाटतात. शरीर, चेहरा, जेवण आणि करमणूक यांत क्षुल्लक असं काहीच नाही. माणूस जगतो तो याच चार गोष्टींत. किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं तेव्हा बाईने स्वतःसाठी काही वाचावं, हीच कल्पना अनेक घरांना धाडसाची वाटत होती. तक्रार आहे ती या पानाने गेल्या काही दशकांत जो सूर धरला त्याबद्दल. चारही गोष्टी बाईच्या निश्चयावर अवलंबून आहेत, तिला माहिती कमी पडते किंवा तिची चिकाटी कमी पडते, असं गृहीत धरून तिथे सल्ला दिला जातो. वास्तविक कमी पडतो तो वेळ, आणि तोही विशिष्ट प्रकारचा: ज्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही असा.

सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. हे पुरुष म्हणजे घरकामाला हात लावणारे पुरुष. दिवसभरात तो लावणारेच शंभरातले २६ निघाले, बायकांमध्ये ८१. पाच वर्षांनी, २०२४ साली पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडे २८९ आणि ८८ होते. म्हणजे मिक्सर, गॅस, वॉशिंग मशिन, घरपोच किराणा हे सगळं येऊन बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. हे आकडे एकदा समोर ठेवले की ‘रोज सकाळी स्वतःसाठी एक तास काढा’ हा सल्ला हवेतला वाटू लागतो. तो तास काढायचा कुठून? झोपेतून, हे उत्तर त्या पानावर कधी लिहिलेलं नसतं, पण अमलात तेच येतं.

आहाराचंच घ्या. काही वर्षांपूर्वी उभा महाराष्ट्र दोन तटांत विभागला होता. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, कडकडून भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या पद्धतीचं श्रेय ते दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांना देत. दुसरीकडे ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खा, तूप-भाताला भिऊ नका, आपल्या मातीतलं खा असं सांगत होत्या. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत दीक्षित की दिवेकर यावर वाद झडले. वैद्यकीयदृष्ट्या कोण बरोबर, हा इथला प्रश्न नाही. या वादात एक गोष्ट कुणीच विचारली नाही: शिजवणार कोण? यजमान दोन वेळांवर गेले, मुलगी दर दोन तासांवर, सासूबाईंना मऊ खिचडी, मुलाला डब्यात भाजीपोळी. घरात चार माणसं आणि चार आहारशास्त्रं आली की ओट्यापाशी उभी राहणारी एकच असते. तिचं स्वतःचं आहारशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. सगळ्यांची पानं झाल्यावर बसायचं आणि उरलंसुरलं संपवायचं, कारण अन्न टाकवत नाही.

या शेवटच्या पानाची किंमत रक्तात दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३ टक्के होतं. याच वयाच्या पुरुषांत ते २५ टक्के आहे. महाराष्ट्र स्वतःला पुढारलेला समजतो, पण इथेही निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या आहेत. त्याच सर्वेक्षणात देशातल्या साधारण चारांतली एक बाई स्थूल आणि पाचांतली एक कृश निघाली. बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पुरुषाला १९, असं आपल्या पोषणसंस्थेचं माप सांगतं. ताटात मात्र हा हिशेब उलटा पडतो. जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह अंगी लागू देत नाही, लिंबू पिळलं तर ते जास्त लागतं. मोडाची मटकी, पालेभाजी, हाळिवाचा लाडू, लोखंडी कढई यांची माहिती बहुतेक बायकांना आहे आणि नसेल तर दोन ओळींत देता येते. मोडाच्या उसळीचा शेवटचा डाव कुणाच्या ताटात पडणार, हे त्या दोन ओळी ठरवत नाहीत. आणि चतुर्थी, हरतालिका, नवरात्र असे उपास ज्या साबुदाण्यावर निभावले जातात, त्यात पिष्टाखेरीज जवळपास काहीही नसतं. उपास कुणी करावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण मुळात रक्त कमी असलेल्यांच्याच वाट्याला ते सर्वाधिक यावेत, हे विचित्र आहेच.

इथे एक आक्षेप हमखास येतो. जुन्या बायका कुठे व्यायामशाळेत जात होत्या? घरकाम हाच व्यायाम. दळण, कांडण, विहिरीचं पाणी शेंदणं यात खरंच दम लागत होता, हे मान्य; डोंगरपट्ट्यात पाण्याचे हंडे वाहणारीला आजही व्यायामाचा उपदेश करणं ही थट्टाच ठरेल. पण शहरातल्या आणि निमशहरातल्या घरकामाचं स्वरूप आता वेगळं आहे. ओट्यापाशी तासन्‌तास एकाच जागी उभं राहायचं, वाकायचं, पिळायचं, पुसायचं. यात टाच दुखते, कंबर धरते, मनगट जातं. हृदयाचा ठोका मात्र वाढत नाही आणि हाडांना हवा तो ताण मिळत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप लावून ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात २०२४ साली एक अभ्यास आला. त्यानुसार भारतातल्या ५७ टक्के बायकांची हालचाल अपुरी आहे, पुरुषांत ४२ टक्क्यांची. ज्या दिवसभर राबतात त्याच मोजमापात बैठ्या निघतात. काम आणि व्यायाम या दोन गोष्टी आहेत, आणि फरक कॅलरींइतकाच मनाचाही आहे. काम दुसऱ्यासाठी असतं, ते कधीही अडवलं जातं. मंगळागौरीची फुगडी, पिंगा, झिम्मा, नागपंचमीचा फेर, भोंडला यांत घाम भरपूर निघे, पण कुणाचा स्वयंपाक त्यातून होत नसे. वर्षातल्या मोजक्या रात्री, त्याही सणाच्या आणि देवाच्या नावाखाली मिळालेली ही सूट होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाऊ नयेत. तरीही अंगाने, मोठ्याने, स्वतःच्या आनंदासाठी हालायचं असतं, ही समज त्या खेळांत होती. आजच्या पानावरच्या ‘घरकाम करता करता व्यायाम’ या सदरात ती उरलेली नाही. पोळ्या लाटताना पोटऱ्या उचला म्हणे!

सौंदर्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण तिथला घोळ उघड आहे. गोरं करण्याचं मलम १९७५ साली बाजारात आलं आणि नावातला गोरेपणा जायला २०२० साल उजाडलं. लग्नाच्या जाहिरातींतली ‘गोरी, सडपातळ’ अजून गेलेली नाही. स्वस्तात उजळपणा देणाऱ्या काही बेकायदा मलमांत पारा असतो. तो रंगद्रव्य अडवतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय वापरलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने चेहरा आधी उजळतो, मग लाल आणि पातळ होतो. पण म्हणून नटणंच वाईट, बाजाराची गुलामी, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मोगऱ्याचा गजरा, डोळ्यांतलं काजळ, केसांना कोमट तेल यांत स्वतःच्या देहाशी असलेली मैत्री आहे. घरी कुणी येणार नसताना, कुठे जायचं नसताना बाई जे करते, ते तिचं. बाकीचं बहुतेक पाहणाऱ्याचं.

आता चौथी गोष्ट, आणि या लेखाचं मूळ कारण. पहिल्या तीनही गोष्टींना घराने एक सोयीचं समर्थन शोधून ठेवलं आहे. नीटनेटकी राहिलीस तर नवऱ्याला बरं वाटेल, ठणठणीत राहिलीस तर घर चालेल, पौष्टिक शिजवलंस तर मुलं वाढतील. हलकंफुलकं वाचन मात्र कुणाच्याच कामाचं नाही. बाई गोष्ट वाचते तेव्हा त्या वेळात घराचं काहीही भलं होत नाही. म्हणून तेच सगळ्यांत आधी कापलं जातं, आणि म्हणूनच मला ते चौघांत सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बाईच्या हाती तिचा स्वतःचा वेळ आहे की नाही, याची यासारखी खात्रीची खूण दुसरी नाही. पुस्तकं वाचणारी माणसं अधिक जगतात असा निष्कर्ष अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली मांडला होता. तो पुरावा इथे माझ्या बाजूचा, तरी मी तो वापरणार नाही. वाचनही औषध म्हणून घ्यायला लावलं की त्याचीही ड्यूटी होते.

वाचायचंच तर काहीतरी चांगलं वाचावं, हा आक्षेप समीक्षकांचा. ‘मेनका’, ‘माहेर’मधल्या कथा, सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्या वाचनालयांच्या कपाटांत पानं सुटेपर्यंत फिरल्या आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळाली. यातल्या क्षेत्रमाडे आणि अभ्यंकर या दोघी पेशाने डॉक्टर. अभ्यंकर तर रत्नागिरीच्या आमदारही झाल्या. बायकांची दुखणी रोज ऐकणाऱ्या दोघींना बायकांसाठी रंजक गोष्टी लिहाव्याशा वाटल्या, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसतं. दिवसभर दमलेल्या पुरुषाने क्रिकेट पाहिलं तर त्याला कुणी संस्कृतीचा ऱ्हास म्हणत नाही. शिवाय हलकं वाचणाऱ्यांतूनच जड वाचणारे निघतात, आणि नाही निघाले तरी काही बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वेळ नाही म्हणता, मग मोबाइलवर रील पाहायला बरा मिळतो? आधी एक नोंद: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातल्या ५४ टक्के बायकांकडेच होता. पण ज्यांच्याकडे आहे त्या पाहतात, हे खरं. त्या कधी पाहतात ते मात्र बघा. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत, नळाला पाणी येईपर्यंत, मूल झोपतंय तोवर. तीस सेकंदांची चित्रफीत तुकड्यातुकड्यांच्या वेळात बरोबर बसते, कादंबरीचं प्रकरण बसत नाही. बाईच्या हातातला मोबाइल फुरसतीचा पुरावा नाही. वेळाचे किती बारीक तुकडे झालेत, ते त्याच्यावरून मोजता येतं.

हे सगळं मध्यमवर्गाचं दुखणं आहे, ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला कसलं पुस्तक नि कसलं उटणं, असंही कुणी म्हणेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली राज्याला समिती नेमावी लागली. पाळी, बाळंतपण आणि आजारपण हेसुद्धा कामातले खाडे धरले जातात, तिथे अर्ध्या तासाची भाषा पोकळ वाटेल. मला उलट वाटतं. जिचा वेळ सर्वांत जास्त लुटला गेला तिच्याबाबतीत ही मागणी सर्वांत न्याय्य आहे. फक्त तिथे ती नवऱ्याकडे करून भागत नाही, मुकादमाकडे, कारखान्याकडे आणि सरकारकडे करावी लागते. पाणी दारात आणणारा नळ, पाळणाघर, पगारी सुट्टी या गोष्टी कुठल्याही सौंदर्यसदरापेक्षा चेहऱ्यावर जास्त तेज आणतील. आणि पुस्तक दारापर्यंत नेण्याचं काम अशक्य नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने पुस्तकांच्या पेट्या घरोघरी आणि कारागृहांतही पोहोचवल्या आहेत. पेटी पोहोचते, ती उघडायला लागणारी फुरसत पेटीत घालून पाठवता येत नाही.

हा अंक घरात आला तेव्हा कढईपाशी कोण होतं आणि तो आधी कुणी उघडला, ते आठवून पाहा. दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येत असतील, तर चकलीचा सोऱ्या आता तुम्ही घ्या आणि अंक तिच्या हातात द्या. पहिल्या दोन घाण्यांच्या चकल्या मोडतील. मोडू द्या.