थोडकें सामान

वस्तु लहान झाली म्हणजे तिच्याविषयींचा लोभही लहान होतो काय? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न सहसा सांपडणार नाहीं. परंतु विद्युत्-गिटार वाजविणाऱ्या तरुणांच्या एका छंदाकडे पाहिलें म्हणजे तो आपोआप पुढें येतो. हा छंद म्हणजे प्रवासांत नेण्याजोगा लहानसा पेडलबोर्ड जुळविण्याचा. ज्यांच्या घरीं असा वादक नाहीं त्या वाचकांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे.

विद्युत्-गिटारचा आवाज तारेवाटे ध्वनिवर्धकाकडे जातो. वाटेंत त्याला निरनिराळें वळण लावणाऱ्या, पायानें दाबावयाच्या डब्या बसवितां येतात. ह्यांनाच पेडल म्हणतात. एक डबी स्वर खरखरीत करते, दुसरी त्याचा प्रतिध्वनि उठविते, तिसरी त्याला रिकाम्या देवळांतला घुमारा देते. गिब्सन कंपनीनें १९६२ सालीं मेस्ट्रो ह्या नांवाखालीं ‘फझ-टोन’ ही डबी बाजारांत आणली, आणि १९६५ सालीं रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ ह्या गाण्यानें तिचा आवाज जगभर नेला. जपानच्या बॉस कंपनीनें १९७७ पासून ज्या आटोपशीर डब्या काढल्या त्या ७३ मिलिमीटर रुंद व १२९ मिलिमीटर लांब. तेवढ्यानेंही प्रवाशाचें समाधान झालें नाहीं. २०१० नंतरच्या दशकांत चीनच्या मूअर वगैरे कंपन्यांनीं ४२ मिलिमीटर रुंद व सुमारें ९४ मिलिमीटर लांब अशा डब्या विकावयास काढल्या, आणि आयबानेझनें १९७९ सालच्या आपल्या नांवाजलेल्या ट्यूब स्क्रीमरलाही २०१५ सालीं तसाच वामनावतार घ्यावयास लावला. १४ इंच लांब व साडेपांच इंच रुंद अशा एका चौकटीवर चिकटपट्टीनें पांच डब्या बसवाव्या, आंखूड तारांनीं एकमेकींस जोडाव्या, आणि पिशवी खांद्यास लावून विमानांत बसावें.

ह्या उद्योगाची जी उजळ बाजू आहे ती आम्हांला खरोखर मोलाची वाटते. ज्याच्या घरीं वीस डब्या आहेत त्यास पांच निवडावयाच्या असतात. आपण डब्या निवडीत आहों अशी त्याची समजूत असते. परंतु प्रत्यक्षांत, ‘ह्या वीस आवाजांपैकीं माझे कोणते?’ ह्या प्रश्नाचें उत्तर त्याला द्यावें लागतें. त्यासाठीं आपलें वादन परक्याचें समजून ऐकावें लागतें, आणि एखादा आवाज आपण गाण्याच्या गरजेनें लावीत होतों कीं केवळ डबी जवळ होती म्हणून, हें ठरवावें लागतें. जिमी हेंड्रिक्स १९६९ च्या ऑगस्टांत वुडस्टॉकच्या महोत्सवांत वाजवीत होता तेव्हां त्याच्या पायाशीं एक वा-वा, एक फझ फेस व एक युनि-व्हाइब एवढाच संसार होता. त्या वादनांत कांहीं उणें राहिलें असें कोणी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. थोरो १८४५ ते १८४७ ह्या काळांत वॉल्डनकांठीं राहिला. त्याच्या मेजावर चुनखडीचे तीन तुकडे होते. त्यांवरची धूळ रोज झाडावी लागते असें दिसतांच त्यानें ते खिडकींतून फेकून दिले. हें उदाहरण अशा वेळीं हटकून आठवतें.

पण थोरोनें त्यानंतर चुनखडीचे लहान तुकडे मागविले नाहींत. आमचे तरुण मित्र नेमकें तेंच करतात! घरच्या वीस डब्या घरींच राहतात, आणि त्यांतल्याच पांच आवाजांच्या धाकट्या आवृत्त्या नव्यानें विकत येतात. पतंजलीनें यमांमध्यें अपरिग्रह गणला आहे. त्याचें माप इंचपट्टीनें घेतां येत असतें तर ही मंडळी केव्हांच योगी ठरलीं असतीं. आणि केवळ आकाराचाच विचार करावयाचा तर पांच डब्याही जास्तच आहेत. २०१८ सालीं निघालेल्या लाइन सिक्स कंपनीच्या एचएक्स स्टॉम्पसारख्या एकाच पेटींत शेंकडों आवाज सांठविलेले असतात. तेथें घरीं कांहींच ठेवावें लागत नाहीं. निवडीची अडचण रंगमंचापर्यंत पुढें ढकलली जाते, इतकेंच. तथापि अशा पेटीला आम्ही सरसकट नांवें ठेवणार नाहीं. जो वादक आज एका गायकाची व उद्यां दुसऱ्याची साथ करून पोट भरतो, त्याला आपले आवाज कोणते हें शोधण्याची चैन परवडत नाहीं. दुसऱ्याचें गाणें सांभाळणें हा त्याचा धर्म, आणि त्याला शंभर आवाज जवळ बाळगावेच लागतील.

आणखी एक गोष्ट ह्या छंदांत सहज नजरेआड होते. जुन्या मोठ्या डबींत ९ व्होल्टच्या विद्युत्-घटाला जागा असे. ती कोठेंही स्वतःच्या बळावर चाले. बहुतेक धाकट्या डब्यांत ती जागा नाहीं. पोटांतली शिदोरी बाहेर टाकूनच त्या बारीक झाल्या आहेत, व ती शिदोरी आतां कोणीतरी निराळी वाहावयाची असते. खरखर उत्पन्न करणाऱ्या साध्या डबीस थोडेच मिलिअँपिअर पुरतात; संख्यांकांवर चालणाऱ्या प्रतिध्वनीच्या डबीस शंभराच्या आसपास लागतात. दोघींना एकाच तारेवर जेवूं घातलें कीं पुष्कळदां गुणगुण सुरू होते. ती टाळावी तर प्रत्येकीला निराळी वाट देणारी वीजपेटी घ्यावी, आणि ही पेटी अनेकदां कोणत्याही डबीहून जड भरते. एकच पिशवी घेऊन पाहुणे आले म्हणजे त्यांच्या साधेपणाचें आपण कौतुक करतों, आणि संध्याकाळपर्यंत घरांतला टॉवेल, साबण, चपला व छत्री त्यांच्याकडे जाते. लहान बोर्ड घेऊन आलेला वादक स्थानिक मंडळींजवळ ध्वनिवर्धक मागतो, लांब तार मागतो, कधीं वीजेचा जोडही मागतो. त्याचें ओझें हलकें झालें हें खरें. तें कोणाच्या खांद्यावर गेलें हेंही त्यानें एकदां पाहावें.

शिवाय माणसाचें पाऊल कांहीं लहान झालेलें नाहीं. तीन बटणांपैकीं एक मोठें ठेवून उरलेलीं दोन वाटाण्याएवढीं केलीं तर अंधाऱ्या रंगमंचावर तीं फिरवितां येत नाहींत. डब्या अगदीं खेटून बसविल्या तर एक दाबतांना शेजारची दबते. वा-वासारखीं पायानें झुलवावयाचीं पेडलेंही आतां लहान निघालीं आहेत, पण झुला आंखूड झाला म्हणजे मधल्या छटा साधणें कठिण. म्हणून जाणते वादक पांचांची जागा असतां चारच बसवितात व मध्यें बूट मावेल एवढी फट सोडतात. त्या चारांत पहिली बहुधा सूर जुळविण्याची असते. ती दाबली कीं गिटार मुकी होते, व तारा लावतांनाची पिरपिर श्रोत्यांच्या कानीं जात नाहीं. तिचा स्वतःचा असा आवाज कांहींच नसल्यामुळें ती कोणी मित्रांना कौतुकानें दाखवीत नाहीं. पण बाकीच्या तीन दर महिन्यास बदलणारे वादकही तिला क्वचितच जागेवरून हलवितात.