वाहून गेलेली वही

तात्यांचं हॉटेल बंद झालं हे बीडकरांना कळायला दीड-दोन महिने लागले. कळल्यावर मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. काय तो सुशीला, काय ती मिरचीची भजी, असं पुन्हा होणे नाही!

हॉटेल म्हणजे बिंदुसरेच्या काठाला एक पत्र्याचं शेड, चार बाकडी, भट्टी आणि गल्ल्यावर बसलेले तात्या. पाटी कधी लागलीच नाही. तात्यांचं खरं नाव सांगून तरी काय करायचं? गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, प्रत्येक गावच्या स्टँडजवळ असे एक तात्या होतेच. वाचणाऱ्यानं आपापल्या गावचे समजावेत.

बीडला रेल्वे पोचली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर गावात यायचं एसटीनं आणि जायचंही एसटीनं. कोर्टाच्या तारखेला पाटोद्याहून आलेला, सातबाऱ्यासाठी शिरूरहून आलेला, सरकारी दवाखान्यात लेकरू दाखल करून रात्रभर जागलेला, मोंढ्यातला हमाल, मुक्कामी गाडीचा कंडक्टर, सगळे सकाळी तात्यांकडं. पहाटे भट्टी पेटली की पहिला घाणा सुशील्याचा. मुरमुरे पाण्यात टाकायचे आणि लगेच दोन्ही हातांनी दाबून काढायचे. जरा जास्त राहिले की लगदा, कमी भिजले की चामट. हे काम काकू दुसऱ्या कुणाला करू देत नसत. फोडणीत हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद. मुरमुरे परतून झाले की वरून डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर. लिंबाची फोड मागावी लागे. तात्या आपणहून देत नसत, एवढा एक चिकटपणा त्यांच्यात होता.

आणि गल्ल्यात लाल कापडी पुठ्ठ्याची उधारीची वही. या जिल्ह्यात उधारीला ऋतू असतो. पावसाळ्यात ऊसतोडीच्या माणसाच्या हातात पैसा नसतो. दसऱ्याच्या आगंमागं मुकादम उचल देतो, मग टोळ्या सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात निघतात आणि पाडव्याच्या सुमाराला परततात. तोवर वहीत नाव. तात्या नाव लिहायचे, गाव लिहायचे, आणि पुढं आकडा. सही नाही, अंगठा नाही.

२३ जुलै १९८९ ला बिंदुसरेला पूर आला. बीडमध्ये ही तारीख जुनी माणसं अजून सांगतात. माणसं गेली, घरं गेली, काठावरची दुकानं गेली. तात्यांची भट्टी, कढया, बाकडी, गल्ला आणि गल्ल्यातली वही, सगळं वाहून गेलं. घरातली माणसं वाचली एवढंच.

पाणी ओसरल्यावर तात्या आणि काकू शेडमधला चिखल उपसत होते. मोंढ्यातला एक हमाल येऊन उभा राहिला.

“तात्या, मपले सत्तावीस रुपये निघत्यात. आता पाचच हायेत.”

“वही गेली रे बाबा.”

“वही गेली, म्या कुठं गेलोय?”

त्यानं पाचाची नोट काकूंच्या हातावर ठेवली आणि फावडं उचललं.

मग एकेक जण येत गेला. एक म्हातारा एकोणीस रुपये सांगून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन म्हणाला, एकवीस होते, रात्री आठवलं. कमी सांगणारेही निघाले. एका कारकुनाकडं साठ तरी निघत असतील, त्यानं दहा सांगितले. काकू चिडल्या. तात्या म्हणाले, “वही आता त्याच्याकडंच हाय. त्यो म्हणंल ते खरं.” दसरा झाला, उचल वाटली गेली आणि कारखान्याकडं निघालेल्या टोळ्यांचे ट्रक पुलाजवळ थांबू लागले. बायका कडेवरच्या लेकरासकट खाली उतरायच्या, पदराची गाठ सोडायच्या, आकडा सांगायच्या. त्या दिवाळीला तात्यांनी नवी भट्टी बांधली ती या पैशातून. नवी वहीही घेतली, तसल्याच लाल पुठ्ठ्याची.

या दुसऱ्या वहीचं नशीब निराळं. तिला कधी पाणी लागलं नाही.

सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला. पूर्वी त्याचा नंबर २११ होता, तो ५२ झाला, आणि शहराला बगल देऊन बायपास निघाला. बायपासला एसीची हॉटेलं झाली, गाड्या लावायला मोकळी जागा झाली. तात्यांकडं वाढलेली पोरं कारवाली झाली आणि रविवारी बायकापोरांना घेऊन तिकडं जाऊ लागली. त्यात त्यांचं चुकलं असंही नाही. काठाच्या त्या गल्लीत कार वळत नव्हती. पण गंमत अशी की गिऱ्हाईक कमी होत गेलं तसतशी वही जाड होत गेली. पूर्वी नडलेला माणूस उधार खायचा. आता “तात्या, सुट्टे नाहीत, मांडून ठेवा” म्हणणारे आले. ऑफिसातल्या मिटिंगला चाळीस चहा आणि वीस प्लेट भजी जायची, बिल पुढच्या महिन्यात निघणार असायचं, आणि पुढच्या महिन्यात साहेबांची बदली व्हायची. तात्यांना मागणं जमत नव्हतं. एकोणनव्वदनं त्यांना बिघडवलं होतं असंच म्हणायला पाहिजे. माणूस आपणहून येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

२०२० चं लॉकडाऊन झालं. त्यानंतर हॉटेल उघडलं, पण तात्यांचे गुडघे गेले होते आणि मुलगा पुण्याकडं कंपनीत लागला होता. एका अमावस्येला भट्टी विझवली ती पुन्हा पेटवली नाही. उधारीच्या वहीला तेव्हा कुणी हात लावला नाही.

गावाला कळलं आणि हळहळ सुरू झाली. एका निवृत्त गुरुजींनी पुढाकार घेतला. एका रविवारी सकाळी हॉल घेतला, तात्यांचा आणि काकूंचा सत्कार ठरला, शेवटी जेवण. स्टेजच्या बाजूला टेबल मांडून त्यावर तात्यांचा झारा, काळी पडलेली किटली, दोन कानतुटके कप आणि ती लाल वही ठेवली. गुरुजींनीच काकूंकडून मागून आणली होती. जुनी वस्तू, लोकांना बघायला बरी.

भाषणं चांगली झाली. वकीलसाहेबांनी पहिल्या केसच्या दिवशी खाल्लेल्या भज्यांची आठवण सांगितली, डॉक्टरांना सुशील्याच्या वासानं भरून आलं. गुरुजी तर वीस मिनिटं बोलले. तात्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “समद्यांनी खाल्लं, बरं वाटलं,” आणि बसले.

मग लोक टेबलाभोवती जमले. कुणी किटलीसोबत फोटो काढला, कुणी झारा हातात धरून. कुणीतरी वही उघडली. “बघा बघा, तात्यांचं अक्षर!” पानं उलटू लागली. पहिल्यांदा हसू आलं, मग आवाज कमी झाला. तात्यांची सवय तीच होती, नाव, गाव आणि आकडा. वकीलसाहेबांना फोन आला. डॉक्टर म्हणाले, जेवणाची तयारी कुठवर आली बघतो. गुरुजींनी वही मिटली आणि सत्काराची शाल सहज तिच्यावर ठेवली.

खुर्च्या मांडायला आलेला एक माणूस कडेला उभा राहून हे बघत होता. पाटोद्याकडचा. सहा महिने ऊस तोडायचा, उन्हाळ्यात मंडपवाल्याकडं रोजानं.

“गुरुजी, त्यात मपल्या बापाचं नाव हाय का बगा की. म्या शिकलेलो न्हाई.”

“आता कशाला? कार्यक्रम आहे...”

“बाप मरताना म्हणला हुता, बीडच्या तात्याचं ऱ्हायलंय. हाटेल सापडंना. आज कळलं, ते ह्यच तात्या.”

गुरुजींना शाल उचलावी लागली. पान सापडलं. बाकी तीनशे चाळीस. त्या माणसानं खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या, मंडपवाल्याला बाजूला घेतलं, आजच्या हजेरीवर उचल मागितली आणि उरलेले पैसे आणले.

तात्या म्हणाले, “राहू दे रे. तुझा बाप गेला, संपलं.”

“घ्या,” काकू म्हणाल्या. “त्येच्या बापानं सांगितलंय. न्हाई म्हणायचा आपल्याला काय अधिकार?”

त्यांनी पैसे मोजून घेतले, पदराला बांधले आणि नाव खोडायला पेन मागितलं. पेन गुरुजींच्याच खिशाला होतं. त्यांनी ती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. तो माणूस पुन्हा खुर्च्या उचलायला गेला. गुरुजी मात्र जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं ते आणखी मागची पानं उलटू लागले, एका पानाशी थांबले आणि चष्मा पुसून पाकीट काढलं. मागून कुणीतरी विचारलं, ऑनलाइन चालेल का? काकूंनी नातवाला हाक मारली.

आत पंगत बसली होती. वाढप्याचा आवाज आला तसे टेबलाजवळचे निम्मे लोक तिकडं निघाले. निम्मे राहिले. गुरुजींनी आपलं नाव खोडलं आणि पेनाला टोपण लावू लागले.

“गुरुजी, टोपण नगा लावू,” काकू म्हणाल्या, “मागं मानसं हुबी हायेत.”